कॅम्परला बाहेरची वीज जोडताना: मीटर, सळई आणि अर्थिंग

कॅम्पर व्हॅन होमस्टेच्या अंगणात लावली, वायर ओढली, ओट्याजवळच्या बोर्डात पिन टॉप खोचला आणि एसी चालू केला, एवढंच हे काम असतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. आम्ही या कामाला वीस मिनिटं देतो आणि त्यातला बहुतेक वेळ मीटर धरण्यात जातो. ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेल्या एका व्हॅनला बाहेरून वीज घ्यायची सोय कशी केली, कशी तपासली आणि कोकणातल्या एका अंगणात पहिल्यांदा कशी जोडली, ते इथे लिहीत आहोत. गाडीला अशा रीतीने दिलेल्या विजेला शोअर पॉवर म्हणतात. शब्द बोटींवरून आला: धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून द्यायची वीज.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. घर जमिनीवर उभं असतं, गाडी रबरावर. ‘टायर रबरी आहेत, मग शॉक कसा बसेल?’ असं हमखास ऐकू येतं. धोका त्या रबरामुळेच आहे. पत्र्यावर फेज आला तर त्याला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही आणि पत्रा गुपचूप २३० व्होल्टवर बसून राहतो. फ्यूज उडत नाही, दिवा लुकलुकत नाही, आत वावरणाऱ्याला काही जाणवत नाही. मग कोणीतरी अंगणातल्या ओल्या मातीवर अनवाणी उभं राहून दाराची मूठ धरतं, आणि पत्र्यापासून जमिनीपर्यंतची वाट त्या माणसाच्या अंगातून पुरी होते.

म्हणून पत्र्याला हिरवी, म्हणजे अर्थची, वायर लागते. पण ग्यानबाची मेख इथेच आहे. गाडीतला एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) फेज कापतो, दोन पोलचा आरसीबीओ (जास्त प्रवाहावर आणि गळतीवरही पडणारा स्विच) फेज आणि न्यूट्रल दोन्ही कापतो, हिरवी वायर मात्र कुणीच कापत नाही. कापायचीही नसते. याचा अर्थ, समोरच्या बोर्डातल्या अर्थच्या भोकात जे काही असेल ते प्लग लावल्या क्षणी थेट गाडीच्या पत्र्यावर येतं, गाडीतले सगळे स्विच बंद असले तरी. गाडीत कितीही महागाचं संरक्षण बसवा, या एका वायरीपुरतं तुम्ही यजमानाच्या वायरमनच्या हाती असता. सगळी तपासणी प्लग लावण्याआधी करायची ती यासाठी.

आधी गाडीतलं काम. बाहेरच्या बाजूला निळं १६ अँपियरचं औद्योगिक पद्धतीचं इनलेट बसवलं: तीन पिना, खाली उघडझाप करणारं झाकण, चाकांच्या वर, डिझेलच्या टाकीपासून लांब. निळा रंग २०० ते २५० व्होल्टसाठी ठरलेला आहे आणि अर्थची पिन बाकी दोन्हींपेक्षा जाड असते, त्यामुळे उलटं लागत नाही. गाडीवर नर पिना आणि वायरीच्या टोकाला मादी सॉकेट, हे कधीही उलट करायचं नाही. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर काही ठिकाणी ‘जुगाड’ म्हणून बनवलेली सापडते. ती जिवंत असताना एक टोक निसटलं की उघड्या पितळेवर २३० व्होल्ट असतात.

इनलेटपासून आतल्या डीबीपर्यंत (स्विचच्या पेटीपर्यंत) जेमतेम दीड मीटर वायर ठेवली, कारण तेवढ्या तुकड्याला गाडीतलं कुठलंच संरक्षण नसतं. डीबीत पहिल्यांदा दोन पोलचा १६ अँपियर, सी कर्व्ह, ३० मिलीअँपियरचा आरसीबीओ, ए प्रकारचा. बाजारात एसी प्रकारचा (इथे एसी म्हणजे दिशा बदलत वाहणारा प्रवाह) स्वस्त मिळतो. पण चार्जर, इन्व्हर्टर एसी, इंडक्शन अशा उपकरणांतून गळणारा प्रवाह नेहमीच शुद्ध एसी नसतो आणि तशी गळती एसी प्रकारच्या आरसीबीओला ओळखू येईलच असं नाही. त्याच्यापुढे व्होल्टेज प्रोटेक्टर: १९० च्या खाली किंवा २५५ च्या वर गेलं की तोडतो आणि परत जोडण्याआधी तीन मिनिटं थांबतो, म्हणजे एसीच्या कॉम्प्रेसरला दम मिळतो. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घरांत संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून वाईट म्हणजे तीन फेजच्या घरात न्यूट्रल तुटणं. तेव्हा एका फेजवरचं व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं आणि साधा स्टॅबिलायझर तिथे काही करू शकत नाही.

घरात चालणारी एकच जाड तार असलेली वायर गाडीत चालत नाही. हादऱ्यांनी ती स्क्रूपाशी तुटते. अडीच चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर घेतली, प्रत्येक टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून बसवलं आणि दर पाऊण फुटावर क्लिप मारली. बारा व्होल्टच्या वायरी वेगळ्या पाइपातून नेल्या. टोकाला कथिल लावून स्क्रूखाली दाबायची सवय काही जुन्या कारागिरांना असते. कथिल दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो, आणि सैल स्क्रू म्हणजे उष्णता. सैल जोडाचा रोध अवघा ०.१ ओहम धरा. तेरा अँपियर गेले की त्या एका बिंदूवर १७ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगच्या छोट्या इस्त्रीएवढी ऊर्जा बेकेलाइटच्या पोटात.

पत्र्याची जोडणी सगळ्यात साधी दिसते आणि तीच सगळ्यात जास्त वेळा चुकते. डीबीतल्या अर्थच्या पट्टीपासून सहा चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी वायर चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, नेली. बोल्टच्या जागी रंग आणि प्रायमर घासून पांढरं लोखंड काढलं, दातेरी वॉशर, लग, एम-८ चा बोल्ट, वर नट, आणि घट्ट केल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेली. रंगावर बोल्ट कसला तर महिनाभर मीटर ‘जोड आहे’ म्हणत राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर गंज मधे येतो. गॅसच्या तांब्याच्या नळीला, सिंकला आणि बाहेरच्या स्टीलच्या पायरीलाही वेगवेगळी वायर दिली. पायरी विसरू नका. माणूस ओल्या पायाने आधी तिच्यावर चढतो. शेवटी इनलेटच्या अर्थ पिनेपासून पायरीपर्यंत रोध मोजला. मीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ओहम होता, तो वजा केल्यावर उरलं ते ०.१ च्या आत.

मग मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणातून गळती होते का ते तपासणारा मीटर. चार्जर, प्रोटेक्टर आणि सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवून ५०० व्होल्ट डीसीवर फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी तपासलं. एक मेगाओहमच्या खाली आलं तर पुढे जायचंच नाही. वायरिंग १०० च्या वर दाखवत होतं. त्यात छोटा गीझर जोडला आणि आकडा २० किलो-ओहमवर कोसळला. गीझरच्या रॉडमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते. गाडी महिनोन् महिने न वापरता उभी राहिली की टोकाच्या सीलमधून ती पूड दमट हवा ओढते. एवढ्या रोधातून २३० व्होल्टवर ११ ते १२ मिलीअँपियर सतत गळतात. एकट्याने आरसीबीओ पडणार नाही कदाचित, पण बाकीच्यांची भर पडली की पडेल, आणि मग दोष शोधताना नाकी नऊ येतील. रॉड बदलला.

आरसीबीओवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायलाच हवं, पण ते काय सांगतं हे नीट समजून घ्या. ते बटण आतल्या आत एक छोटी गळती निर्माण करतं. यंत्रणा हलते का, एवढंच त्यातून कळतं. अर्थिंग मुळात नसलं तरी बटण दाबल्यावर आरसीबीओ पडतोच. ‘टेस्ट केलं, पडलं, म्हणजे अर्थिंग ठीक आहे’ हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

बाहेरची वायर २५ मीटर, तीन कोअर, अडीच चौरस मिलिमीटर, रबरी आवरणाची. गाडीच्या टोकाला निळं सॉकेट, दुसऱ्या टोकाला निळा प्लग आणि त्यापुढे अर्धा मीटरचा वेगळा तुकडा: निळं सॉकेट ते आपला १६ अँपियरचा पिन टॉप. पिन टॉप उघडून पाहिलात तर हिरवी वायर बाकी दोन्हींपेक्षा बोटभर लांब ठेवलेली दिसेल. वायरीला हिसका बसून टोकं निघायला लागली तर अर्थ सगळ्यात शेवटी निघावा, यासाठी. वायर वापरताना पूर्ण उलगडायची. २५ मीटरच्या जाण्या-येण्याचा रोध साधारण ०.४ ओहम, तेरा अँपियरला पाच व्होल्ट पडतात आणि वायरीत ६७ वॅट उष्णता होते. जमिनीवर पसरलेली असताना ती हाताला जाणवतही नाही. तीच वायर रीळावर गुंडाळलेली असेल तर आतल्या वेढ्यांना उष्णता टाकायला जागा नसते आणि आवरण एकमेकांना चिकटतं.

आता अंगण. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण आमच्या बहुतेक मुक्कामी निळं सॉकेट नसतं. असतो तो पडवीतला बोर्ड. पहिलं काम डोळ्यांनी आणि नाकाने. सॉकेटचा चेहरा पिवळट-तपकिरी झालाय का, फेजच्या भोकाभोवती काळा कडा आहे का, जळलेल्या बेकेलाइटचा तो आंबट उग्र वास येतो का? यातलं एकही असेल तर त्या सॉकेटला गाडी जोडत नाही. सॉकेट सहा अँपियरचं असेल आणि कुणी १६-चा-६ करणारा कन्व्हर्टर पुढे केला तर नम्रपणे नको म्हणतो. त्या कन्व्हर्टरने प्लग बसतो, मागची एक चौरस मिलिमीटरची वायर जाड होत नाही.

मीटर आधी एखाद्या चालू जागेवर लावून खात्री करून घ्यायची, मग बोर्डावर यायचं. आपल्या सॉकेटकडे समोरून पाहिलं तर वर मोठं भोक अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. त्या दिवशी फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ १ व्होल्ट मिळाले. आकडे पाहून कोणीही समाधानाने प्लग लावेल. आम्ही दोन गोष्टी आणखी करतो, आणि आमच्या मते याच दोन गोष्टी सगळ्यात मोलाच्या.

पहिली, सळई. फूटभर लांबीची लोखंडी सळई गाडीजवळच्या मातीत ठोकायची, तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं, आणि बोर्डातल्या अर्थच्या भोकापासून या सळईपर्यंत व्होल्टेज मोजायचं. लांब वायर लागते, ती सोबत ठेवतो. एक-दोन व्होल्ट आले तर छान. वीस-तीस आले तर काहीतरी गडबड आहे. दोनशेच्या घरात आले तर त्या भोकात फेज आहे, आणि तो तुमच्या दाराच्या मुठीवर यायला फक्त प्लगची वाट बघतोय. साधा डिजिटल मीटर इथे फसवू शकतो: अर्थची वायर कुठेच जोडलेली नसेल तर शेजारच्या फेजच्या नुसत्या सहवासाने तो ५०, ८०, १०० असे भुताटकी आकडे दाखवतो. म्हणून कमी रोधावर मोजण्याची सोय असलेला मीटर घ्यावा. भूत असेल तर आकडा लगेच शून्याकडे घसरतो.

या ‘फेज अर्थच्या भोकात’ प्रकाराचं मूळ बहुतेक वेळा एका आखूड तुकड्यात असतं. घराला अर्थची वायर ओढलेलीच नसते, मग कोणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरीचा तुकडा टाकतो. तीन दिव्यांचा तपासणी प्लग लावला तर सगळे दिवे ‘बरोबर’ दाखवतात. पुढे कधीतरी फ्यूज बदलताना किंवा मीटरची पेटी सरकवताना फेज-न्यूट्रल उलटे होतात, आणि अर्थच्या भोकात पूर्ण २३० व्होल्ट येतात. तीन दिव्यांचा प्लग तेव्हाही ‘बरोबर’ म्हणतो, कारण त्याला फक्त आपापसातला फरक दिसतो, जमीन दिसत नाही. गाडीतला आरसीबीओही पडत नाही, कारण तो प्रवाह त्याच्यातून जातच नाही. फेज-न्यूट्रल उलटे नसले तरी हा तुकडा घातकच: मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की आतल्या दिव्यातून, पंख्यातून फिरून फेज त्याच तुकड्यावाटे पत्र्यावर येतो. ब्रिटनमध्ये २००२ च्या वीजपुरवठा नियमांनी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र असलेल्या पुरवठ्याचा अर्थ कॅरॅव्हॅनच्या किंवा बोटीच्या धातूला जोडायलाच मनाई केली आहे, ती न्यूट्रल तुटण्याच्या याच भीतीपोटी.

दुसरी गोष्ट, लोड टाकून मोजणं. त्याच सॉकेटवर १,५०० वॅटची किटली लावली. फेज-न्यूट्रल २३१ वरून २२३ वर आले, न्यूट्रल-अर्थ १ वरून ५ वर गेले. हे निरोगी लक्षण आहे: आठ व्होल्ट वायरीत पडले, त्यातले निम्मे न्यूट्रलमध्ये, आणि ते अर्थच्या तुलनेत दिसले. लोड टाकूनही न्यूट्रल-अर्थ शून्याच्या शून्यच राहिले तर दोन्ही त्या डबीतच जोडलेले आहेत असं समजावं. आणि लोड टाकल्यावर १२ पेक्षा जास्त व्होल्ट पडत असतील, तर मागे कुठेतरी सैल जोड किंवा बारीक वायर आहे. तिथे एसी लावत नाही, फक्त बॅटरी चार्ज करतो.

शंभर वॅटचा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यात लावून अर्थिंग ‘बघायची’ पद्धत गावोगावी आहे. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग चांगलं, हे ढोबळ मानाने खरं. पण अर्थची वायर मधेच तुटलेली असेल तर त्या बल्बमधून फेज घरातल्या सगळ्या अर्थवर, म्हणजे फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर जातो. कोणी तिथे हात लावून उभं असेल तर? आम्ही ही पद्धत वापरत नाही.

कोकणात अर्थिंगचा स्वतःचा एक स्वभाव आहे. जांभा खडक वैशाख-जेष्ठात कोरडा पडतो, खड्ड्यातला कोळसा आणि मीठ सुकतं, रोध चढतो. पावसाळ्यात २ व्होल्ट दाखवणारं घर मे महिन्यात वेगळे आकडे देतं. जुनी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओततात ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण खड्डा चांगला असला तरी एमसीबीवर भिस्त ठेवता येत नाही. अर्थचा रोध २० ओहम धरला तर पत्र्यावर फेज आल्यावर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर वाहतील. १६ चा एमसीबी ते साधं लोड समजून चालू राहील. तीस मिलीअँपियरचा आरसीबीओ क्षणात पडेल. अर्थिंग आणि आरसीबीओ दोघे मिळून काम करतात, एकटं कुणीच पुरत नाही.

जोडण्याचा क्रम ठरलेला आहे. गाडीतला मेन बंद, बोर्डाचा स्विच बंद. वायरीचं टोक आधी गाडीच्या इनलेटला, मग दुसरं टोक बोर्डात, मग बोर्डाचा स्विच, आणि सगळ्यात शेवटी गाडीतला मेन. आधी बोर्डात लावली तर जिवंत टोक हातात घेऊन ओल्या गवतातून चालत यावं लागतं. स्विच दिल्यावर, दाराला हात लावण्याआधी, मीटरचं एक टोक सळईला आणि दुसरं गाडीच्या पायरीला: ०.९ व्होल्ट. मगच बाकीच्यांना गाडीत चढू दिलं.

लोडचा हिशेब कागदावर असावा. एक टनाचा एसी पाच अँपियर, ४० अँपियरचा बॅटरी चार्जर २३० व्होल्टच्या बाजूने तीन, किटली साडेसहा: साडेचौदा झाले. १६ च्या आत आहे म्हणून रात्रभर तसं चालवू नये. घरगुती सॉकेटवर तासन् तास आम्ही दहाच्या वर जात नाही. अर्ध्या तासाने स्विच बंद करून पिन टॉप काढतो आणि पिना बोटाने चाचपतो. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर त्या सॉकेटची पकड गेलेली आहे.

‘गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार फार कॉमन आहे. चार्जर, लॅपटॉप, टीव्ही यांच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर ते पत्र्याला मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास, टांगून ठेवतात. प्रवाह मिलीअँपियरच्या अंशाचा, म्हणून नुसत्या मुंग्या. त्या मुंग्या निरुपद्रवी म्हणून सोडून देतात तिथे चूक होते: त्या सांगत असतात की हिरवी वायर कुठेतरी तुटलेली आहे, आणि उद्या गीझर फुटला तर मुंग्यांवर भागणार नाही.

इन्व्हर्टरचा भाग बहुतेकांना अवघड जातो. बाहेरची वीज असताना न्यूट्रल-अर्थचा जोड गाडीत कुठेही नको. तो पुरवठ्याच्या मुळाशी असतो. गाडी बॅटरीवर चालते तेव्हा मात्र इन्व्हर्टर हेच मूळ, म्हणून तेव्हा जोड हवा, नाहीतर आरसीबीओला पडायला प्रवाहाची वाटच उरत नाही. चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये हे काम आतला रिले करतो. कायमचा जोड मारून ठेवला तर बाहेर प्लग लावताक्षणी यजमानाच्या घरातला आरसीसीबी (फक्त गळतीवर पडणारा स्विच) पडतो आणि सगळं घर अंधारात जातं. दुसरीकडे, काही स्वस्त इन्व्हर्टर दोन्ही टोकांवर ११५-११५ देतात. त्यांच्या ‘न्यूट्रल’ला अर्थशी जोडलं तर ते जळतात. बाहेरची वीज की इन्व्हर्टर हे निवडणारा बदल-स्विच दोन पोलचा असावा, आणि त्याच्या पुढे, म्हणजे उपकरणांच्या बाजूला, दुसरा आरसीसीबी. फक्त इनलेटपाशी असलेला आरसीबीओ इन्व्हर्टरवर चालताना कोणालाही वाचवत नाही. एक तपासणी न चुकता करा: बाहेरची वायर काढा, इन्व्हर्टर चालू करा, आणि इनलेटच्या पिनांवर मोजा. पिनांमध्ये आपसात आणि प्रत्येक पिन ते चासी, सगळीकडे शून्य हवं. रिलेचे संपर्क चिकटले असतील तर त्या उघड्या पिना जिवंत असतात.

यजमानाचा आरसीसीबी पडला की गाडीवर खापर फुटतं. कधी दोष नसतोही. तीस मिलीअँपियरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. घरातली नेहमीची गळती ८ आणि गाडीची ९ असेल तर बेरीज १७, दोघंही निर्दोष. क्लॅम्प मीटर फेज-न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र लावून गाडीची गळती मोजता येते. मिलीअँपियर दाखवणारा क्लॅम्प हवा. एकेक उपकरण काढत गेलं की कुणाचा किती वाटा ते कळतं.

अर्थिंग नाहीच निघालं तर? आमचं पहिलं उत्तर: जोडू नका. बॅटरी आणि सोलरवर एक रात्र निघते. काही जण आपली सळई ठोकून तिला चासी जोडतात आणि निश्चिंत होतात. मीटरभर सळईचा रोध ओलसर चांगल्या मातीतही ८० ते १०० ओहम येतो, जांभ्यात कितीतरी जास्त. नुसत्या सळईवर दोष आला तर २३० भागिले १००, म्हणजे जेमतेम सव्वादोन अँपियर. कुठलाही फ्यूज उडणार नाही आणि पत्रा जवळजवळ २३० वरच राहील. सळई उपयोगी पडते ती फक्त चालत्या आरसीबीओबरोबर, आणि बोर्डातला संशयास्पद अर्थ गाडीपर्यंत अजिबात आणलेला नसेल तेव्हा. त्यासाठी आमच्याकडे अर्थ पिन मुद्दाम न जोडलेला, लाल पट्टी गुंडाळलेला वेगळा अर्धा मीटरचा तुकडा आहे. तो काढला की सळई, आणि सळई ठोकली की प्लगमध्ये लावायच्या टेस्टरने खरी गळती करून आरसीबीओ पडतो का ते बघणं. तीनपैकी एक राहिलं तर तो तुकडा परत पेटीत.

अमेरिकेत आरव्ही भाड्याने घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन वाक्यं. तिथलं ३० अँपियरचं सॉकेट १२० व्होल्टचं, म्हणजे ३,६०० वॅट. ५० अँपियरचं मात्र १२० च्या दोन फेजचं, १२,००० वॅट. घरी नवीन ‘३० अँपियर’ सॉकेट बसवून घेताना इलेक्ट्रिशियन ते कपडे वाळवण्याच्या यंत्राचं समजून २४० जोडतो, आणि आरव्हीतला मायक्रोवेव्ह, चार्जर सगळं एका झटक्यात जातं. मोजल्याशिवाय लावू नका. आणि कॅम्पग्राउंडच्या खांबावरचा ब्रेकर बंद करूनच प्लग लावा-काढा.

पावसात जोड जमिनीवर ठेवत नाही. दोन विटांवर, झाकण खाली करून. इनलेटपाशी वायरीला खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पाणी त्या झोळावरून टपकतं, पिनेपर्यंत ओघळत नाही. काढताना उलटा क्रम: गाडीतला मेन, बोर्डाचा स्विच, बोर्डातला प्लग, शेवटी गाडीचं टोक. किनाऱ्यावर दोन रात्री काढल्या तरी पितळेवर हिरवट थर दिसू लागतो. कोरड्या फडक्याने पिना पुसायच्या, झाकण लावायचं, वायर मोठ्या वेढ्यांत गुंडाळायची. मग वहीत त्या घरासमोर चार आकडे: २३१, २३०, लोडवर २२३, सळईला १. पुढच्या मे महिन्यात तिथे गेलो की पुन्हा मोजायचे आहेत.